आधी मेन बंद, मग हात

बातमी आली त्या मंगळवारी धाकटा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बल्बचं चित्र काढत बसला होता.

नकाशा विभागात तो आरेखक होता, तेव्हा चौकोनी आखलेल्या कागदाला तोटा नव्हता. आठ चौकोन आडवे, आठ उभे. त्या चौसष्ट चौकोनांत एक बल्ब बसवायचा, असं काम थोरल्या भावाने त्याला नेमून दिलं होतं. सकाळीच फोनवर त्यावरून वाजलं होतं.

"धाकट्या, तुझा बल्ब कांद्यासारखा दिसतोय. खाली निमुळता कर की जरा."

"दादा, खाली एकच चौकोन उरतो. एका चौकोनात काय निमुळतं करू?"

"मोठमोठे डोंगर निमुळते करतोस ना नकाशात? मग बल्ब कर."

"बरं, ते जाऊ दे. आमच्या पॅसेजमधल्या दिव्याचं काय? होल्डर ढिला होऊन कित्येक महिने झाले. मी जरा पिळून बघू का?"

"हात लावू नकोस. मी येतो."

एक वाजून वीस मिनिटांनी वहिनींचा फोन आला. त्या मोजकंच बोलल्या. दादा एका शाळेचं वायरिंग करत होता, चहा प्यायला स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. धाकट्याने फोन खाली ठेवला. बल्बचा एक चौकोन भरायचा राहिला होता, तो भरला, पेनाला टोपण लावलं आणि तो साहेबांना सांगायला उठला.

दादा विजेने गेला नाही, हे नंतर दोनेकशे लोकांना सांगावं लागलं. वायरमन गेला म्हटलं की समोरचा आधी हात वर करून शॉक लागल्याची खूण करायचा. "छे हो, हृदय," असं सांगितलं की जरा हिरमुसायचा. एका दूरच्या मामांना तर ते पटेचना. "पण मेन चालू असेल!" ते म्हणाले. तेव्हा धाकट्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मामा, दादाने चौतीस वर्षांत चालू लाइनला बोट लावलं नाही. चहाच्या वेळीसुद्धा मेन बंद होता."

आधी मेन बंद, मग हात. दादाचा हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाढ्यासारखा पाठ होता. टॉर्चमधले सेल बदलतानासुद्धा दादा आधी टॉर्च बंद करायचा, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढण्याआधी घड्याळाकडे बराच वेळ संशयाने बघायचा, कारण त्याला बंद करायचं बटणच नव्हतं.

आता त्या बल्बच्या चित्राचं. दोघे शाळेत असताना घरात गेमचा एक डबा आला होता. टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची. (तिला कार्ट्रिज म्हणतात हे पुढे कळलं. पण ज्याने फुंकर मारमारून ती चालवली आहे तो तिला मरेपर्यंत कॅसेटच म्हणणार.) कंपनीने काही वर्षांनी तो डबा बनवणं बंद केलं, मग कॅसेटी बनवणं बंद केलं, मग दुरुस्तीही बंद केली. दादाने मात्र काहीच बंद केलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्याला शोध लागला की जगात अशा डब्यांसाठी घरबसल्या नव्या गेम लिहिणारी माणसं आहेत. त्यातल्या बहुतेकांचा हेतू विकायचा नसतो. "मग लिहितात कशाला?" असं धाकट्याने विचारलं होतं. "होतं का ते बघायला," दादा म्हणाला होता, आणि पुस्तकं आणून स्वतः शिकायला बसला होता.

सहा वर्षं दोघे एक गेम बनवत होते. सूचना दादा लिहायचा, चित्रं धाकटा काढायचा. सगळं मिळून चाळीस केबीत बसवायचं होतं. चाळीस केबी म्हणजे किती? तुम्ही सकाळी उठल्या उठल्या फुलांचा जो फोटो पन्नास जणांना पाठवता ना, त्याच्या एका पाकळीत आमची गेम बसेल, असं दादा अभिमानाने सांगायचा. अक्षरंसुद्धा धाकट्याने एकेक करून आठ-आठ चौकोनांत काढली होती. एकट्या 'क्ष'ने त्याचे तीन रविवार खाल्ले.

गेमचं नाव 'मेन स्विच'. एक वायरमन शिडी घेऊन अंधाऱ्या घरात शिरतो. प्रत्येक खोलीत बल्ब लावायचा. मेन चालू असताना होल्डरला हात लावला की जीव जातो. मेन बंद केला तर जीव वाचतो, पण मग पडदा काळाकुट्ट होतो आणि होल्डर कुठे होता ते आठवून चढावं लागतं. दादाच्या मते जगण्यातली सगळी अडचण हीच होती.

नातेवाईक हसायचे. "पन्नाशीला लोक गुडघे सांभाळतात, तुम्ही चौकोन रंगवता!" धाकट्याचं उत्तर ठरलेलं होतं, "बुद्धिबळातही चौसष्टच चौकोन असतात. तिथे नाही कुणी विचारत." दादा गेल्यावर तेच नातेवाईक मायेने म्हणू लागले, "आता तरी तो नाद सोड." धाकटा म्हणायचा, "नाही सोडणार." पुढे काही बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, दुःखाने बोलत नाही. त्यात तथ्य होतं, पण निम्मंच. उरलेला निम्मा हट्ट होता.

आठ महिने असे गेले. मग एका बुधवारी संध्याकाळी वहिनी स्वतः एक पिशवी घेऊन आल्या.

"भावोजी, हे तुमचं. कपाटात होतं. मला यातलं काही कळत नाही आणि टाकवतही नाही."

पिशवीत डबा होता, दोन कंट्रोलर होते आणि दादाने स्वतः जोडलेली कॅसेट होती. कॅसेटवर चिकटपट्टी, आणि तीवर दादाच्या अक्षरात तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि चार शब्द: 'आतला सेल बदलायचा आहे.'

वहिनी चहा न घेता गेल्या. धाकट्याने डबा हॉलमधल्या टीव्हीला जोडला. (घरात टीव्ही एकच. हे लक्षात ठेवा, बायकोने ठेवलं होतं.) पहिल्यांदा पडद्यावर नुसतेच रंगीत पट्टे आले. दुसऱ्यांदा कॅसेट नीट दाबल्यावर गेम लागली. गेममधली आठही घरं तो ओळखत होता. पण दादाने गेममध्ये 'बांधकाम' नावाचा एक भाग ठेवला होता. तिथे खेळणाऱ्याला स्वतःचं घर बांधून कॅसेटमध्ये साठवता येत असे. धाकट्याने तो उघडला. तिथे एक घर बांधलेलं होतं. घर क्रमांक नऊ. याबद्दल दादा कधी बोलला नव्हता.

लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, हे आपलं घर आहे."

तेच होतं. हॉल, डावीकडे स्वयंपाकघर, उलट्या बाजूने उघडणारं बाथरूमचं दार, ज्यावर दादा दर वेळी हसायचा. पॅसेजमधलं चपलांचं कपाटसुद्धा होतं. प्रत्येक खोलीत होल्डर होता. पॅसेज तेवढा काळा.

"म्हणजे आपला दिवा त्यांच्या लक्षात होता," बायको म्हणाली.

 मग धाकट्याच्या डोक्यात ती चिकटपट्टी पेटली. त्याने डबा चालू ठेवूनच कॅसेटचं झाकण अलगद उचललं आणि दादाने कधीतरी दिलेल्या मीटरने सेल मोजला. तीन व्होल्ट हवेत, तिथे दोनही भरत नव्हते.

"ऐका," तो म्हणाला. "आठ घरं चिपमध्ये पक्की आहेत. नववं घर फक्त या सेलच्या जिवावर आहे. डबा बंद असला की सेल ते लक्षात ठेवतो. डबा चालू असला की विजेवर भागतं. हा सेल मरायला टेकलाय. आता बंद केलं आणि त्याने मान टाकली तर घर गेलं."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काही नाही. असा तारांसकटचा सेल दुकानात मिळत नाही, तो मागवतो, सोमवारी येईल. तोवर डबा बंद करायचा नाही. एवढंच."

एवढंच! माणूस 'एवढंच' म्हणाला की घरातल्यांनी पदर खोचावा, हे बायकोला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

गुरुवारी सकाळपर्यंत घराचा कायदा बदलला होता. स्विचवर पीठ चाळायची चाळण उपडी घालून चिकटपट्टीने बांधली होती. तिच्यावर लाल अक्षरात 'हात लावू नये', खाली सही आणि तारीख. (सरकारी सवय.) डबा तापू नये म्हणून बेडरूममधला टेबलफॅन त्याच्यापुढे आला. फ्यूज उडू नये म्हणून गीझर, इस्त्री, मिक्सर आणि वॉशिंग मशीन यांना बंदी झाली. कंट्रोलरचं बटण कुणी चुकूनही दाबू नये म्हणून दोन्ही कंट्रोलर कपाटात कुलूपबंद. खेळायचंही नाही, कारण खेळताना काही पुसलं गेलं तर?

"म्हणजे टीव्हीवर आपल्याच घराचं चित्र बघत बसायचं?" बायको म्हणाली. "सोमवारपर्यंत?"

"वाईट आहे का घर?"

"माझी मालिका?"

"त्यातही घरच दाखवतात."

"अहो, पण त्या घरात माणसं असतात!"

थंड पाण्याने आंघोळ करून धाकट्याला सर्दी झाली. चुरगळलेला शर्ट घालून लेक परीक्षेला गेली. बायकोने दळायचं सगळं शेजारणीच्या मिक्सरवर दळून आणलं, आणि शेजारणीने विचारल्यावर, "आमच्याकडे एक जण सलाइनवर आहे," असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत चार घरांतून फळं आली.

शुक्रवारी धाकट्याने रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. साहेबांनी फोन करून विचारलं, "घरगुती म्हणजे नेमकं काय?"

"साहेब, एक गोष्ट चालू ठेवायची आहे."

साहेब चांगले होते. दादा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. "ठेवा," एवढं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. धाकट्याला त्या एका शब्दाने जो धीर आला, त्याच्या भरात तो जिन्यातल्या फळ्यापर्यंत गेला. आणि तिथे सेक्रेटरींची नोटीस लागली होती. शनिवारी सकाळी दहा ते बारा, मीटर बोर्ड बदलण्यासाठी संपूर्ण इमारतीची वीज बंद राहील.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. दार उघडतानाच समोरच्याला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं बघायचे.

"काम सोमवारनंतर करा," धाकटा म्हणाला.

"का?"

"माझ्या घरी गेम चालू आहे."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस तोच होता. "गेम चालू आहे म्हणून मी सत्तावीस घरांचं काम थांबवू?"

"हो."

"वय काय तुमचं?"

"बावन्न. आणि वयाचा संबंध नाही. मेन बंद झाला तर माझ्या भावाने बांधलेलं घर जाईल. मी उद्या बोर्डासमोर खुर्ची टाकून बसणार. मला उचलून मग काम करा."

 सेक्रेटरी आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तिच्यातला एक कागद त्यांनी धाकट्यापुढे धरला. अक्षर ओळखायला चष्म्याची गरज नव्हती. 'बोर्ड जुना व धोक्याचा आहे. लवकरात लवकर बदलावा. काम करताना संपूर्ण इमारतीचा मेन बंद ठेवणे. अपवाद करू नये.' खाली दादाची सही.

"गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा जिन्यात थांबून बघितलं त्यांनी. मी म्हटलं, लिहून द्या. दिलं." सेक्रेटरींचा आवाज उतरला होता. "'अपवाद करू नये' याच्याखाली दोन रेघा त्यांनीच मारल्यात. आता बोला."

 ज्याच्यासाठी भांडायला गेला, त्यानेच विरोधी बाजूने साक्ष दिली होती. धाकटा फळ्यावरची नोटीस पुन्हा एकदा वाचून घरी आला.

"दादा म्हणतो बंद करा," त्याने जाहीर केलं.

बायको आणि लेक एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्याने सगळं सांगितलं.

"मग सोमवारची वाट कशाला?" बायको म्हणाली. "दहाच्या आत बदला. कसला सेल लागतो?"

"नाण्याएवढा, चपटा. तीन व्होल्टचा."

"माझ्या वजनकाट्यात आहे की तसला!"

लेकीने काटा आणून उलटा केला आणि स्क्रू काढून सेल त्याच्या छोट्या खोबणीसकट, दोन तारांसकट बाहेर काढला. बायको इतक्या आनंदाने बघत होती की धाकट्याला शंका आली. "तुला चालेल ना, काटा बंद पडला तर?"

"चार महिने खोटंच बोलत होता मेला," बायको म्हणाली.

पण खरं घोडं पुढेच अडणार होतं. दोन तारा कॅसेटमध्ये वितळत्या धातूचे डाग देऊन सोल्डर करायच्या होत्या, त्याही डबा चालू असताना. म्हणजे चालू लाइनवर काम. धाकट्याला एकदम कळलं की दादाच्या हातून हे तीन वर्षं का राहिलं. जगभरच्या घरांचे दिवे लावणारा माणूस, नाण्याएवढा सेल बदलायचा म्हणून चिठ्ठी लिहून ठेवतो आणि बदलत नाही. बंद करून बदलावा तर घर पुसलं जाणार. चालू ठेवून बदलावा तर नियम मोडणार. दादाने चिकटपट्टी लावून विषय पुढे ढकलला होता.

शनिवारी साडेनऊला शस्त्रक्रियेची तयारी झाली. लाइन पाच व्होल्टची होती. जिभेवर ठेवली तरी माणूस फार तर हसला असता. तरी धाकट्याने रबरी चपला घातल्या, लाकडी पाटावर उभा राहिला आणि डावा हात खिशात घातला, कारण चालू लाइनजवळ एक हात खिशात ठेवावा, हा दादाचा पोटनियम.

"बाबा, सोल्डरिंगला दोन हात लागतात," लेक म्हणाली. तिच्याकडे टॉर्च होता.

"दुसरा हात तुझी आई देईल."

"पंचवीस वर्षांपूर्वी दिलाय," बायको सोल्डरची तार धरून म्हणाली. "लवकर करा, पावणेदहा वाजले."

सोल्डरिंग आयर्न लावायला एक्स्टेंशन बोर्डवर जागा नव्हती. टीव्ही, डबा, टेबलफॅन, सगळं भरलेलं. "पंख्याची पिन काढतो," म्हणत धाकटा वाकला आणि सोफ्यामागे हात घालून त्याने पिन ओढली.

पडदा काळा झाला.

पंखा फिरतच होता.

तीन दिवस, चाळण, सही, तारीख, लाल अक्षरं, सत्तावीस घरांशी भांडण. आणि शेवटी त्याच्याच हाताने. पिन हातात धरून तो तसाच वाकलेला राहिला. बायकोने सोल्डरची तार खाली ठेवली.

"परत लावा, बाबा," लेक म्हणाली.

त्याने लावली. आधी रंगीत पट्टे. कॅसेट हलकेच दाबली. गेम लागली. किल्ली घेऊन लेक कपाटातून कंट्रोलर आणायला धावली. बांधकाम. घर क्रमांक नऊ.

होतं. हॉल, स्वयंपाकघर, उलटं दार, चपलांचं कपाट. एक वीटही हलली नव्हती. मरायला टेकलेल्या सेलने सगळं घर धरून ठेवलं होतं. आठ महिने कपाटात धरलं होतं, तर अर्ध्या मिनिटाने त्याला काय फरक पडणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "बंद केलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतंच असं नाही."

"आत्ता चाललं."

"त्याने धीर धरला म्हणून!"

"थंड पाण्याने मी तीन दिवस आंघोळ केली. धीर कुणी धरला?"

लेक खाकरली. "बाबा, रागावू नका. मी बुधवारीच सगळ्या खोल्यांचे फोटो काढलेत. काकूला पाठवायला. घर पुसलं गेलं असतं तरी बघून परत बांधता आलं असतं."

 सव्वीस वर्षं धाकटा नकाशांच्या नकला करून पोट भरत होता. फाटलेले, वाळवी लागलेले, शाई उडालेले नकाशे त्याने रेघेला रेघ लावून उतरवले होते. पडद्यावरचं घरही उतरवून घेता येतं, हे त्याला तीन दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मग आता बंद करूनच बदला की," बायको म्हणाली. "फोटो आहेत. भाऊजींचा नियमही राहील."

हा सल्ला इतका बरोबर होता की धाकट्याला तो अजिबात मान्य करवेना.

"नाही," तो म्हणाला. "फोटो फोटोच्या जागी. हे घर त्याने एकेक चौकोन लावून बांधलंय. ते आहे तसं राहील. आणि चालूवरच बदलणार. बावन्न वर्षं मी त्याचं ऐकलं. आज नाही ऐकत. धर ती तार."

पहिला डाग ओघळला. दुसरा बसला. तिसऱ्याच्या वेळी बायकोचं बोट भाजलं आणि तिने दोन्ही भावांचा एकत्र उद्धार केला, त्यात धाकट्याला का कोण जाणे फार बरं वाटलं. दहाला दोन मिनिटं असताना नव्या सेलच्या दोन्ही तारा बसल्या. त्याने जुना सेल कापून काढला आणि खिशात टाकला.

दहाच्या ठोक्याला इमारतीचा मेन बंद झाला. पंखा थांबला. दादाने दोन रेघा मारून सांगितलं होतं तसं सगळं बंद झालं. दोन तास आता नव्या सेलची परीक्षा होती आणि कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. बोर्ड बदलणारा वायरमन होता, खांद्यावर शिडी. "सगळ्या घरांचे पॉइंट तपासतोय. तुमच्या पॅसेजचा होल्डर ढिला आहे ना? सेक्रेटरी म्हणाले. पाच मिनिटांचं काम. मेनही बंद आहे, करून टाकतो."

बायकोने 'या' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नको," धाकटा म्हणाला.

"अहो साहेब, अंधार आहे इथे. पैसे नका देऊ, वाटल्यास."

"पैशांचं नाही. त्या कामाचा माणूस ठरलेला आहे."

वायरमनने बायकोकडे बघितलं. बायकोने धाकट्याकडे बघितलं. मग ती वायरमनला म्हणाली, "ठरलेला आहे. तुम्ही पाणी घेणार का?"

सव्वाबाराला वीज आली. धाकट्याने चाळण काढली आणि डबा चालू केला. नववं घर जागेवर होतं.  लेक म्हणाली, "आता तरी खेळा, बाबा."

पडद्यावरचा छोटा वायरमन शिडी घेऊन त्यांच्या हॉलमध्ये शिरला. धाकट्याने आधी त्याला मेनकडे नेलं आणि मेन बंद केला. पडदा काळा झाला. पण या घरात त्याला दिसायची गरज नव्हती. हॉलचा बल्ब लागला. स्वयंपाकघराचा. उलट्या दाराचा. (सगळे कांद्यासारखे होते. दादाचं बरोबर होतं.) मग तो पॅसेजमध्ये वळला, अंदाजाने शिडी टेकवली आणि चढला. काळ्या पडद्यावर मधोमध एक पाटी उमटली. तीन दिवसांत कुणी कंट्रोलरला हात लावू दिला असता तर आधीच दिसली असती. लेकीच्या फोटोंत ती नव्हती. अक्षरं धाकट्याने काढलेलीच होती, त्याच्या हातची. वाक्य मात्र दादाचं.

'हात लावू नकोस. मी येतो.'

आणि शिडीवरचा वायरमन टुणकन खाली पडून मेला. मेन बंद असूनसुद्धा.

"लबाड!" धाकटा ओरडला. "मेन बंद होता! बंद होता की नाही? हा नियमात नाही!"

बायको आधी हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला, तेव्हा ती चहा टाकते म्हणून आत गेली. धाकटा तिला मदत करायला म्हणून लगबगीने उठला, पॅसेजमधून जाताना अंधारात त्याचा पाय चपलांच्या कपाटावर आपटला आणि अंगठ्याचं नख निघालं. गेल्या आठ महिन्यांतलं हे तिसरं.

दिवा अजून लावलेला नाही.